जपानी गिटारचा आवाज

१

धम्मरत्न सुरवाडेनं गिटारची वायर जोडली, एक सूर छेडला आणि हात मागे घेतला.

"ही माझी गिटार नाही," तो म्हणाला.

सुरतच्या नवागामातल्या त्या तालमीच्या खोलीत सगळे थांबले. जयंतीचे कार्यक्रम तोंडावर आले होते आणि गजेंद्रच्या ऑर्केस्ट्राला अजून निम्मी गाणी बसवायची होती. गजेंद्र कीबोर्डमागून उठून आला. गिटार तर तीच होती. जुन्या धाटणीची, साय धरल्यासारख्या पिवळट रंगाची, जपानी बनावटीची. मानेमागचा रंग घासून लाकूड उघडं पडलेलं. कोपऱ्यावर तोच अर्धचंद्रासारखा टवका.

"तीच आहे रे," गजेंद्र म्हणाला.

"बाहेरून तीच आहे." धम्मरत्ननं पुन्हा तारा छेडल्या. "आवाज बघ. धारच गेली. कोणीतरी आतून काढून घेतलंय तिचं."

आतून म्हणजे पिकअप. तारांखाली बसवलेली, चुंबकाभोवती बारीक तार गुंडाळून केलेल्या वेटोळ्यांची जोडी. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तिथूनच निघतो, आणि जुन्या गिटारींचे पिकअप शौकीन लोक शोधत फिरतात. गिटार नुकतीच दुरुस्तीहून आली होती. पर्वत पाटियाच्या बाजूला वाल्मिकचं दुकान होतं, तिथून.

पुढचं फार झपाट्यानं झालं. धम्मरत्ननं रागाच्या भरात मोबाईलवर व्हिडिओ केला, वाल्मिकचं नाव घेतलं, दुकानाची पाटी दाखवली. तो व्हिडिओ सुरतेतल्या प्रत्येक बँडवाल्याकडे पोचला. ओळखीची चार टाळकी वाल्मिकला जाब विचारायला गेली. जाब विचारता विचारता एकाचा हात सुटला आणि दुकानाची काच फुटली.

पोलिसांनी दोघांचीही बाजू ऐकली. साहेबांनी गिटार उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "गिटार तुझ्याच हातात आहे. मग चोरी कसली लिहू?"

धम्मरत्ननं गिटार पेटीत घातली आणि घरी आला. त्या दिवसापासून तो घरात बोलेनासा झाला, आणि त्याची बायको आनंदी हिनं वृषालीला फोन लावला.

२

वृषाली धम्मरत्नची चुलत बहीण, त्याच्याहून मोठी. विमा कंपनीसाठी ती दाव्यांची चौकशी करायची. जळालेलं गोदाम खरंच जळलं की जाळलं, हरवलेला माल मुळात होता का, हे शोधण्यात तिची कैक वर्षं गेली होती. माणूस खोटं बोलायला लागला की आधी फार तपशील सांगतो, हे तिला पाठ झालं होतं.

धम्मरत्न तपशील सांगतच नव्हता.

"ताई, काय सांगू? तुला गिटारमधलं कळत नाही."

"नाही कळत. म्हणून तर विचारते. एवढे पैसे टाकून जुनी का घेतलीस? नवी मिळत नव्हती?"

तो पहिल्यांदा जरा सरळ बसला. "सगळे तेच म्हणत होते. गजू म्हणाला, नवी घे, हलकी असते, वॉरंटी असते, मध्येच खरखर करत नाही. वाल्मिकच्या दुकानात एक नवी होती, मुद्दाम जुन्यासारखी दिसणारी. रंग पण घासून उडवलेला, कारखान्यातच. मी ती वाजवली. चांगली होती. पण मग हिलालदादाची ही वाजवली. ताई, काचेवर नाणं पडल्यासारखा आवाज. मी म्हटलं, रंग घासून म्हातारपण आणता येतं, हा आवाज कुठून आणणार?"

"हे कधी?"

"दिवाळीनंतर. गावाहून आलो तेव्हा. हिलालदादा आमच्याच कापडाच्या कारखान्यात आहे, माझ्यासारखाच लूमवर. आधी धुळ्याला ऑर्केस्ट्रात होता. त्याला विकायची होती."

"आणि बिघडली कधी?"

"वाल्मिककडे टाकली होती, मानेवरच्या पट्ट्या बदलायला. इकडे लग्नसराईचा माल, मी डबल पाळ्या करत होतो. आणायलाच वेळ मिळेना. आणली, तर अशी." त्यानं मोबाईल काढला. "ऐक. हे दिवाळीनंतरचं. आणि हे आत्ताचं."

वृषालीनं दोन्ही ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. तिला फरक कळला नाही. दोन्हींत तारा सारख्याच खणखणत होत्या.

"पहिल्यातही तसा काही खास वाटत नाही रे आवाज," ती खडा टाकून पाहत म्हणाली.

"हो ना. मोबाईलचा स्पीकरच भिकार आहे," तो म्हणाला. "त्याच्यात जुनं रेकॉर्डिंगपण मेल्यासारखं येतं. नाहीतर दाखवलं असतं पोलिसांना."

स्वयंपाकघरातून आनंदीनं चहासाठी हाक मारली, परत मारली. शेवटी ती कप घेऊन स्वतःच बाहेर आली आणि त्याच्या खांद्याला हात लावून तिनं कप पुढे केला.

"हे असं चाललंय," ती वृषालीला म्हणाली. "हाक मारली तरी लक्ष नसतं. सगळा जीव त्या गिटारीत."

वृषालीनं गिटार पेटीत ठेवली आणि उचलली. "ही मी नेते. वाल्मिकसमोरच उघडते."

धम्मरत्न दारापर्यंत मागे आला. "ताई, तो तुझ्यासमोर रडेल. भुलू नकोस."

३

वाल्मिक रडला नाही. त्याच्या दुकानाचं शटर अर्धं उतरवलेलं होतं, आत काचेचा चुरा झाडून एका कोपऱ्यात लावला होता. भिंतीवरचे हुक रिकामे होते. दुरुस्तीला आलेली वाद्यं लोक परत घेऊन गेले होते. त्याचा एक डोळा अजून सुजलेला होता.

"घरमालक म्हणतो जागा सोड," त्यानं सांगितलं. "बेन, मी पट्ट्या बदलल्या. पोटाला हात नाही लावला. मीच त्याला सांगितलं होतं, नवी घे. जुन्या वाद्यात कोणी काय करून ठेवलंय ते देवाला ठाऊक. उद्या काही निघालं की खापर शेवटच्या माणसावर. बघा, तसंच झालं."

"मग उघडायला हरकत नाही?"

"मी तर पोलीस चौकीतच म्हणत होतो, उघडा. कोणी ऐकलंच नाही."

त्यानं तारा ढिल्या केल्या, त्यांच्याखालची पांढरी झाकणपट्टी सोडवली आणि दिव्याखाली धरली. पिकअपवर वर्षानुवर्षांची धूळ मेणात रुतून काळी झाली होती. स्क्रूंच्या भोवती हिरवट गंज. ते कोणी काढून दुसरे घातलेत असं वृषालीलाही म्हणता आलं नसतं.

"हेच मूळचे," वाल्मिक म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदा जीव आला. "आता बोला."

वृषाली वाकून बघत होती. सगळे सोल्डरिंगचे ठिपके मळकट, काळपट होते. एक सोडून. तो एक ठिपका चांदीसारखा चकाकत होता.

"आणि हे?"

वाल्मिकनं चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"हे नवीन आहे," तो हळूच म्हणाला. "पण हे मी केलेलं नाही. शपथ घेऊन सांगतो, बेन, हे मी केलेलं नाही."

४

मग कोणी?

तालमीच्या खोलीची किल्ली गजेंद्रकडे असायची आणि गिटार कित्येकदा तिथंच राहायची. जुनी गिटार घेऊ नको म्हणून सगळ्यात जास्त मागे लागला होता तोही गजेंद्रच. वृषालीनं त्याला पांडेसऱ्यात त्याच्या कामावर गाठलं. डाइंग मिलच्या फाटकाशी रंगाचा आंबूस वास भरून राहिला होता. गजेंद्र हात पुसत बाहेर आला आणि तिचा प्रश्न ऐकून उखडला.

"मी कशाला उघडू तिला? मला सोल्डरिंगची कांडी धरता येत नाही. हां, मी म्हणत होतो, विकून टाक. आजपण म्हणतो. तुम्हाला माहितेय, ती दुरुस्तीहून आल्यावर दोन कार्यक्रम झाले, त्यात लोक काय बोलले?"

"काय?"

"म्हणाले, गिटारवाल्याला आवरा. इतका टोचरा आवाज. पुढच्या रांगेतल्या बाया कानावर हात ठेवून बसल्या. मी मिक्सरवर कमी करायचो, हा तिकडे स्वतःच्या अॅम्पवर वाढवायचा. मला वाटलं, गिटारच तसली. म्हणून मागच्या आठवड्यात त्याला दुसऱ्या शोरूमला नेलं, नवी दाखवायला."

"मग?"

"तीन वाजवल्या. चांगल्या नावाच्या, पेटीतून नुकत्या काढलेल्या. तिन्हीला म्हणाला, आत कापूस भरलाय." गजेंद्र चिडून हसला. "आता सांगा, आमच्या गिटारीतलं वाल्मिकनं चोरलं. त्या तीन पेटीबंद गिटारींतलं कोणी चोरलं?"

तो टोमणा मारून आत गेला. वृषाली फाटकाबाहेर उभी राहिली. तिनं आजवर पाहिलेल्या प्रत्येक प्रकरणात कोणीतरी खोटं बोलत होतं आणि त्याच धाग्याला धरून ती पुढे जायची. इथं तिला सगळेच खरं बोलताना दिसत होते. तिला एकदम भीती वाटली.

लोक म्हणतात टोचरा आवाज. धम्मा म्हणतो धार गेली. एकाच गिटारीबद्दल.

अजून एकाला विचारायचं राहिलं होतं.

५

हिलालदादा नवागामात एका खोलीत एकटाच राहायचा. बायको-मुलं शिरपूरकडे, गावी. पाळी संपवून तो नुकताच आंघोळ करून बसला होता. गल्लीच्या तोंडाशीच लूम चालू होत्या, त्यांची खडखड भिंतीतून येत होती.

"ये वं बहीन, बठ," त्यानं चटई सरकवली. गिटारची पेटी पाहून त्याची नजर तिथंच खिळली.

"दादा, हिच्या पोटात एक नवं सोल्डरिंग निघालंय. वाल्मिक म्हणतो त्याचं नाही."

हिलाल तिच्या ओठांकडे बघत होता. मग त्यानं मान खाली घातली.

"मन्हं शे ते," तो म्हणाला. माझंच आहे ते. "म्हणजे मी करून घेतलं. विकायच्या आधी. स्टेशनाकडे एक जण रेडिओ दुरुस्त करतो, त्याच्याकडून."

"का?"

"तिचा आवाज गेलता."

वृषाली पुढे सरकली. "धम्माला विकायच्या आधीच?"

"हां. वायर सुटली असंल म्हणून उघडली. त्यानं नवा डाग देला. काही फरक नाही. तारा बदलल्या, अॅम्प बदलला. काहीच नाही." हिलाल आता मराठीत बोलायचा प्रयत्न करत होता, मध्येच अहिराणीत घसरत होता. "बहीन, मन्हा मनमा पाप नई व्हतं. मी धम्माला फसवलं नाही. मला वाटलं सुरतेची हवाच तिला मानवत नाही. दमट ना. कारण मी गावी जायचो, तिला संग न्यायचो, आठ-पंधरा रोज राहिलो का ती बरी वाजायची. परत आलो का दोन रोज बरी. मग पुन्हा गप."

"गावी बरी वाजायची?"

"पहिलेसारखी नाही. पण बरी. मग दिवाळीनंतर धम्मानं वाजवली तर तो म्हणे, दादा, काय आवाज शे! मी म्हटलं, मन्हावर रुसेल व्हती. त्याच्याकडे नांदंल. दिली."

वृषाली उठली. खिडकीशी जाऊन, त्याच्याकडे पाठ करून, रोजच्या बोलण्याच्या आवाजात तिनं विचारलं, "दादा, लूमवर किती वर्षं झाली?"

मागून उत्तर आलं नाही.

तिनं वळून पाहिलं. हिलाल शांतपणे बसला होता. पेटीच्या कडेवरून बोट फिरवत, ती काही बोलेल याची वाट बघत.

६

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिनं सगळ्यांना तालमीच्या खोलीत बोलावलं. गजेंद्र आला, हिलाल आला. वाल्मिक दाराजवळच उभा राहिला, आत येईना. धम्मरत्ननं त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"सापडलं का, कोणी केलं?" त्यानं वृषालीला विचारलं.

"सांगते. आधी एक काम कर. इकडे भिंतीकडे तोंड करून बस. वाल्मिकभाऊ वाजवतील."

"हा वाजवणार? माझ्या गिटारीला हात—"

"धम्मा, माझ्यासाठी."

तो बसला. आनंदी त्याच्याजवळ बसली. वाल्मिकनं गिटार घेतली. गिटारीच्या पोटावर एक छोटं फिरवायचं बटण असतं. पूर्ण उघडलं की आवाज धारदार, पूर्ण बंद केलं की गोधडीखालून आल्यासारखा. वृषालीनं त्याला आधीच समजावलं होतं.

वाल्मिकनं बटण पूर्ण उघडून एक सूर वाजवला. खोलीच्या पत्र्याला तो टाचणीसारखा लागला.

"कसा आहे?"

"मेलेला," धम्मरत्न म्हणाला.

वाल्मिकनं बटण पूर्ण बंद केलं. तोच सूर आता जाड, घुसमटलेला आला.

"आता?"

"आता काय? तेच आहे."

गजेंद्रनं वृषालीकडे पाहिलं. वाल्मिकनं न सांगताच पुन्हा बटण उघडलं आणि वाजवलं, जोरात.

"अरे, काय तेच तेच वाजवतोय," धम्मरत्न वैतागून मागे वळला. आणि मग त्याला सगळ्यांचे चेहरे दिसले. आनंदीनं पदर तोंडाला लावला होता.

"काय झालं?" तो म्हणाला.

वृषाली त्याच्यासमोर खाली बसली, त्याला तिचे ओठ दिसतील अशी. ऑफिसात अहवाल वाचून दाखवायची तिला सवय होती. आज ती एकेक शब्द सावकाश बोलली.

"धम्मा, गिटारला कोणी हात लावलेला नाही. आतलं मूळचं आतच आहे, मी डोळ्यांनी पाहिलं. तुझी दोन रेकॉर्डिंग मला सारखी वाटली. तुला मात्र जुनंही मेलेलं वाटलं. ते तर दुरुस्तीच्या आधीचं होतं. वाल्मिकनं काही काढलं असतं तर जुन्यात तरी धार राहिली असती ना? मग त्या नव्या गिटारी. तिन्हीत कापूस. लोकांना आवाज टोचतो आणि तू आणखी वाढवतोस. नवं सोल्डरिंग हिलालदादांचं. त्यांच्याकडेही हिचा आवाज असाच गेला होता. गावी गेलं की थोडा परत यायचा. तू घेतलीस तीही दिवाळीत गावी राहून आल्यावर. कान निवलेले होते. मग डबल पाळ्या लागल्या, आणि त्याच दिवसांत गिटार दुरुस्तीला होती. म्हणून तुला वाटलं, दुकानात गेली आणि बिघडली. मी विचार केला, हिलालदादात आणि तुझ्यात काय सारखं आहे? एक ही गिटार." ती थांबली. "आणि एक कारखाना."

 धम्मरत्ननं दोन्ही हात उचलले आणि कानांना लावले, जणू ते जागेवर आहेत का बघत होता.

"मला ऐकू येतं," तो म्हणाला. "तुझं सगळं ऐकू आलं मला."

"बोलणं येतं. अजून येतं. बारीक, धारदार आवाज आधी जातात."

हिलाल इतका वेळ एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. आता त्याला उमगलं.

"म्हणजे गितार चांगली व्हती?" त्यानं विचारलं. "पहिलेपासून चांगलीच व्हती?"

"हो दादा."

"आणि मी तिला इतकी वर्षं शिव्या देल्या," हिलाल म्हणाला, आणि वाल्मिकच्या हातातल्या गिटारीकडे बघत राहिला.

धम्मरत्न उठला. वाल्मिकच्या समोर गेला. काहीतरी बोलायला गेला आणि नुसताच वाकला, त्याच्या पायांकडे. वाल्मिकनं गिटार बाजूला ठेवून त्याला वरच्यावर धरलं. 

७

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं राखायचं असेल तर लूमचा तो आवाज सोडा.

"आणि काय करू?" धम्मरत्ननं विचारलं. डॉक्टर बाईंनी कागदावर सही केली आणि पुढच्याला आत बोलावलं. बाहेर बाकांवर रांग लागली होती.

धम्मरत्ननं दुसरा व्हिडिओ केला. हात जोडून सांगितलं, वाल्मिकभाऊ निर्दोष आहेत, चूक माझी. तो व्हिडिओ पुढे कोणी पाठवला नाही. वाल्मिकनं महिनाअखेर दुकान रिकामं केलं. वृषालीनं आपल्या ओळखीत जागा शोधून पाहिली, घरमालकाला भेटून आली, काही उपयोग झाला नाही. जयंतीला गजेंद्रनं दुसरा पोरगा आणला, नवी गिटार घेऊन. ठीक वाजवतो, असं आनंदीनं फोनवर सांगितलं.

वृषाली शेवटची गेली ती कारखान्याच्या शेठकडे. धम्माला घडी-पॅकिंगला घ्या, निदान कानात घालायला काहीतरी द्या, एवढंच मागायला.

शेठ वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला चहा दिला. "पॅकिंगमां जगा नथी, बेन," तो म्हणाला. "आणि कानाचं म्हणाल तर सगळ्या कारीगरांचं असंच असतं. आपण दिलं तरी कोणी घालत नाही. गरम होतं." मग जरा वेळानं, "माझ्या बापाला पण ऐकू येत नव्हतं."

ती निघाली तेव्हा पाळी बदलत होती. धम्मरत्न आत शिरताना तिला दिसला. ती त्याच्या मागोमाग शेडच्या दारापर्यंत गेली आणि तिथंच थबकली. तो आवाज कानांना नाही, छातीला लागत होता. रांगेनं लूम चालू होत्या, हवेत सूत उडत होतं. तिनं धम्माला हाक मारली, ती तिची तिलाच ऐकू आली नाही.

आत, एका लूमशी धम्मरत्न उभा राहिला. दोन रांगा पलीकडे हिलाल होता. हिलालनं नुसते ओठ हलवून काहीतरी सांगितलं. धम्मरत्ननं मान मागे टाकली आणि तसंच ओठ हलवून उत्तर दिलं, आणि ते दोघं हसले.

वृषाली कानांवर हात दाबून दारात उभी होती. ते काय बोलले, ते तिला कळलं नाही.